चारठाण्याच्या बारवेत मी न दिलेला होकार

या सदरात माझं नाव बघून ओळखीचे लोक आधी हसतील, मग फोन करतील. कारण मागच्याच वर्षी मी याच सदराविरुद्ध संपादकांना चार पानी पत्र पाठवलं होतं – असले गूढ अनुभव छापून तुम्ही लोकांना मागे नेताय, पुरावा मागत नाही, वेळ-जागा तपासत नाही, वगैरे. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. उलट म्हणूनच जागा, वेळ, साक्षीदार सगळं लिहितेय. तपासा. मला जमलेलं नाही...

परभणीत आमच्या घरी देव्हारा नव्हता, पुढच्या खोलीत ट्रेडल मशीन होतं. बाबा त्यावर पत्रकं छापायचे. नवस, अंगारा, अंगात येणं, हुंडा, जात – या सगळ्याविरुद्ध. मी बाराखडी गिरवली ती त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. आई त्या पत्रकांना घड्या घालायची आणि जत्रेच्या दिवशी दोघं ती घेऊन निघायचे – पाथरी, पोखर्णी, चारठाणा, जिथे एसटी जाईल तिथे. आई कमानीच्या बाहेर एका बाजूला उभी राहून पत्रकं वाटायची. "वाचून फेका, पण वाचा," एवढंच म्हणायची. आत ती कधीच गेली नाही.

घरात आणखी एक नियम होता. कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही. बाबांचं त्यावर वेगळं पत्रक होतं. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी आईशी हात मिळवला होता. आजवर मी तिच्या पायाला हात लावलेला नाही. गुडघ्यांना तेल लावायला बाई ठेवली, तीसुद्धा याच सवयीने.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशनला हृदयाचे डॉक्टर नको म्हणतात. वॉकर धरून चाळीस पावलं, मग खुर्ची – हा तिचा हिशोब. ती माझ्याजवळ असते. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, लग्न केलेलं नाही. थोरली बहीण, आक्का, पुण्यात. तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, तिला मुलगा आहे, आणि ती दोन वर्षांपासून आईला माझ्याकडे पाठव म्हणत होती.

स्पष्ट लिहिते: मला आक्काचा मत्सर वाटायचा. सगळं मी करायचं आणि आक्काचा फोन आला की आईचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा. मला मात्र "औषध घेतलं", "हो", "न्हाई". आक्काने विषय काढला की आईच्या वतीने मीच उत्तर द्यायचे – आई कुठे जाणार नाही. आईला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची गरज वाटली नाही असं मी म्हणायचे. खरं म्हणजे भीती वाटायची.

दिवाळीनंतर एके सकाळी आई म्हणाली, "सुजे, बाहीर हुबं राहून राहून सगळी जिनगानी गेली. आत काय असतंय ते एकदा बगावं वाटायलंय."

"देवाला?"

"देवाला कामून? दगडं बगायची. तुजे बाबा म्हणायचे, दगडाचं काम लय भारी हाय."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. कारण हे आक्काला जमणारं नव्हतं. मी रविवारी स्कूटी घेऊन एकेका जागी जाऊन आले. गाडी कुठपर्यंत जाते, तिथून मंडपापर्यंत पावलं किती, उंबरा केवढा, खुर्ची कुठे टेकेल – वहीत लिहून काढलं. पोखर्णी – अठ्ठावीस पावलं, रॅम्प आहे. पाथरी – गर्दी टाळून सकाळी सात. चारठाणा – जुन्या देवळापर्यंत पस्तीस पावलं, जमीन सपाट. तिथल्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, नोंदीपुढे मी लिहिलं होतं: "पायऱ्या उभ्या. फक्त गाडीतून."

गाडी रफिकची. आमच्याच गल्लीतला, आईला मावशी म्हणतो.

पहिले दोन रविवार छान गेले. म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्येक ठिकाणी आई आधी गाडी कमानीबाहेर थांबवायला लावायची. काच खाली करून, पूर्वी पत्रकं वाटायला स्वतः जिथे उभी राहायची ती जागा बघायची. पाथरीला रफिक म्हणाला, "मावशी, आज न्हाई वाटायच्या का चिठ्ठ्या?"

"संपल्या रे बाबा. आता आतलं फुकटात बगून घेते."

आत खुर्चीवर बसवलं की मी सुरू व्हायचे – हा दगड कुठून आणला असेल, वाहून कोणी आणला असेल, घडवणाऱ्यांना आत येऊ देत होते का. हे सांगायलाच हवं असं मला वाटतं, आजही वाटतं. पण पोखर्णीला आई एका खांबावरची नक्षी बोटाने चाचपत होती आणि मी बोलतच होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुज्या बाबांना निदान मधी खोकला तरी यायचा."

तिसरा रविवार चारठाण्याचा. जिंतूरला चहा घेऊन आम्ही तीनच्या सुमाराला पोचलो. थंडीचे दिवस, तरी ऊन होतं. पस्तीस पावलं आईने चालून काढली, मी देवळाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची मांडली. गाव सामसूम होतं, रानात कामं चालू असावीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच कोरीव स्तंभ आहे, त्याचे फोटो मला लेखासाठी हवे होते. आई म्हणाली, "जा की तू. मी बसते निवांत." रफिक गाडीजवळच होता. मी गेले.

स्तंभाचा माझा पहिला फोटो ३:१४ चा आहे. शेवटचा ३:३३ चा. मोबाइलमध्ये वेळ आणि जागा दोन्ही आहेत. हे फोटो मी या पत्रासोबत संपादकांना पाठवलेत.

परत आले तर खुर्ची रिकामी. खुर्चीशेजारी वॉकर. आईच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या.

गाडी मघाच्या जागी नव्हती. लिंबाखाली होती. रफिक दार उघडं टाकून मोबाइल बघत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, तुमी एवढ्या लवकर कशा वर आल्या?"

"कुठून वर?"

"खालून. मावशीला घेऊन उतरल्या न्हाई का आत्ता बारवेत."

मी बारवेकडे पळाले. पायऱ्या उभ्या, कडा झिजलेल्या, मधल्या काही तर गुडघ्याएवढ्या. तळाशी, पाण्याच्या वरच्या पायरीवर, आई भिंतीला टेकून बसली होती. एकटी. पाय अनवाणी. चेहरा... बाबा असतानाही मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. झोपेतून छान उठल्यासारखा.

"बस की," ती म्हणाली. "मधीच उठून कुटं गेलतीस?"

"आई, तू खाली कशी आलीस?"

"आता बगा. तूच आणलंस अन् मलाच विचारायलीस."

गुडघ्यांचे पट्टे काढून, गुंडाळी करून तिच्या मांडीवर ठेवलेले होते. तिच्या पिशवीतला नॅपकिन ओला होता. आणि पाय स्वच्छ होते. नुसते भिजलेले नाहीत – टाचांच्या भेगांतली माती निघालेली, बोटांच्या बेचक्या पुसलेल्या. तिचा हात स्वतःच्या पावलांपर्यंत पोचून तीन-चार वर्षं झालीत.

तिला वर आणायला गावातली चार माणसं लागली. खुर्चीला दोरी बांधून, एकेका पायरीवर थांबत, जवळजवळ अर्धा तास. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ताई, उतरवली कशी म्हणायची तुमी ह्यांना?" मी खुर्चीची दोरी सोडायला वाकले.

परतताना जिंतूरपर्यंत मी गप्प होते. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आज तू बोलली न्हाईस. लय बरं वाटलं." मग झोपली.

दुसऱ्या दिवशी मी रफिकला घरी बोलावून अक्षरशः उलटतपासणी घेतली.

"तू नक्की काय पाहिलंस?"

"मॅडम, दहादा सांगितलं. तुमीच. कालचा तोच मोरपंखी कुर्ता. मावशीला मागून काखेत हात घालून धरलं होतं, एकेक पायरी. मी आलो मदतीला तं नगं म्हणल्या हातानं."

"तोंड पाहिलंस?"

"पाच फुटांवर होत्या. त्याच्याआदी माज्याकडं येऊन म्हणल्या न्हाई का, रफिकभाऊ, गाडी सावलीत घ्या, तुमालाबी ऊन लागायलंय." मग म्हणाला, "मला तवाच नवल वाटलं. तुमी कदी भाऊ म्हणत न्हाई."

मी कामगारांच्या कामाच्या तासांवर लेख लिहिलेत. त्या दिवशी पोचल्यापासून तो उन्हात उभा होता हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

शक्यता मी सगळ्या तपासल्या. गावातल्या एखाद्या बाईने मदत केली असेल – दोनदा जाऊन घरोघर विचारलं, कोणी नाही. आईच्या डोक्यात गोंधळ असेल – मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं, वयाच्या मानाने उत्तम म्हणाले. रफिक खोटं बोलत असेल – कशासाठी? आणि पाय त्याने धुतले म्हणावं तर आई सांगते, तो खाली आलाच नाही. माझ्याच डोक्यात काही झालं असेल, मीच उतरवून विसरले असेन – तर मग फोटो कोणी काढले? एका फोटोत स्तंभाच्या पायथ्याशी माझी सावली आहे.

पण खरं सांगते, भीती मला वाटलीच नाही. जे वाटलं ते वेगळंच होतं. ती कोण होती यापेक्षा मला एकच गोष्ट खात होती – माझ्यासाठी आईने कधी एकेचाळिसावं पाऊल टाकलं नाही, आणि तिच्यासोबत ती त्या उभ्या पायऱ्या उतरली. पावलं मोजून वही मी भरली, आणि आईच्या चेहऱ्यावरचं ते सुख ती वीस मिनिटांत घेऊन गेली. माझाच कुर्ता घालून.

बुधवारी कॉलेजातून आले तर आई पलंगावर साड्या लावत बसली होती.

"आक्काला फोन कर. शनिवारी ये म्हणावं न्यायला."

"कुठे न्यायला?"

"पुण्याला. ठरलं की आपलं."

"कधी ठरलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा पुन्हा आक्रसायला लागला होता, मला ओळखीचा असलेला. "बारवेत. म्या सगळं सांगितलं न्हाई का तुला. नातवापाशी ऱ्हावं वाटतंय म्हणलं. तुजं सगळं आयुष्य माज्या गुडघ्यात अडकलंय, ते मला बगवत न्हाई म्हणलं. तू पाय धुता धुता म्हणालीस, जा आई, मी राग धरणार न्हाई." मग साडीच्या घडीवरून हात फिरवत म्हणाली, "दोन वरसं भेत होते तुला सांगायला. उगं भेले."

मोबाइल माझ्या हातात होता. गॅलरी उघडायची, ३:१४ दाखवायचं आणि म्हणायचं – आई, ती मी नव्हते. मी असं काहीही म्हणाले नाही. हे शंभर टक्के खरं होतं. आणि ते ऐकून आई साड्या परत कपाटात ठेवणार, माझ्या भीतीने इथेच राहणार, हेही मला माहीत होतं. शनिवारी आक्का आली असती तर मीच तिला दारातून परत पाठवलं असतं.

खरं बोलण्यावर मी शाळेपासून भाषणं देत आलेय. गावोगावी, माईकवरून. त्या दिवशी मी मोबाइल पलंगावर पालथा ठेवला. आई वाट बघत होती.

"हो," मी म्हणाले. "म्हणाले होते मी. जा."

मग तिची बॅग भरली. शनिवारी आक्का आली, आईला घेऊन गेली. दारात आक्काने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई सांगायली, तू स्वतःहून जा म्हणालीस. मला वाटलं नव्हतं गं सुजे." मलाही वाटलं नव्हतं.

आता दोन महिने झाले. स्पष्टीकरण अजून नाही. ज्यांना मी मानते अशा तीन जणांना सगळं सांगितलं – एक मानसशास्त्र शिकवतात, दोघं बाबांसोबत काम केलेले. एकाने योगायोग म्हटलं, पण कशाचा कशाशी योगायोग ते त्यांनाही सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. भूत, आत्मा, देवाची कृपा असलं काही लिहू नका, ते मी मानत नाही.

आक्काचा मत्सर आता जवळपास गेला. काल रात्री आईचा फोन आला. नातवाचं, लिफ्टचं, शेजारणीचं बोलत राहिली. अर्ध्यात मला दोनदा काहीतरी सांगावंसं वाटलं, पण मी ऐकत राहिले. पाऊण तास.

शेवटी ती खुशीत म्हणाली, "आज कशी, त्या दिवसावानी ऐकलंस बग. तशीच हायस तू मुळात."

आई माझंच कौतुक करत होती. फोन ठेवल्यावर मी अंधारात तशीच बसून राहिले, आणि बराच वेळ बारवेतल्या तिच्यावर नुसती जळत होते.