दोन बोटं जास्त

सास्तूरच्या चन्नम्माला कापड दाखवा, ती कापडाकडं बघायच्या आधी विचारणार, "कुणाला घालायचंय?" लेकराला म्हटलं की दोन बोटं वर करणार आणि म्हणणार, "एरडु बेरळु." माहेर कर्नाटकातलं. सास्तुरात नांदायला येऊन तीस वर्षं उलटली, मराठी लाह्यांसारखी फुटते तोंडातून, पण मोजायची वेळ आली की बाई कानडीत जाते. एरडु बेरळु म्हणजे दोन बोटं. वाढत्या अंगाचा कपडा मापापेक्षा दोन बोटं जास्त कापायचा, म्हणजे तोच कपडा तीन पाडवे निघतो, हा तिचा कायदा. गावातली पोरं तिला लांबून बघितलं की दोन बोटं नाचवायची आणि पळायची. ती पण मागनं चप्पल दाखवायची.

ही कला तिला माहेरानं दिलेली नव्हती. भूकंपानंतर अख्खं गाव पत्र्याच्या शेडात राहत होतं, तेव्हा तिथल्या एका शिबिरात ह्या नव्या नवरीनं पहिल्यांदा मशीन चालवलं. तेव्हापासून पाय थांबला नाही. पुढं नवरा महांतप्पा गेला, पोटी लेकरू नव्हतं, म्हणून मग तिनं गावचीच लेकरं धरली. गावाबाहेर एका संस्थेची शाळा आहे. त्या शाळेनं मागची एक खोली आणि सहा मशिनी दिल्या, आणि चन्नम्माचा शिवणवर्ग सुरू झाला. सुट्टीत सकाळी पोरं, दुपारी बाया. पहिला धडा सगळ्यांना एकच, पिशवी. बापाच्या फाटक्या पँटीचा पाय आणायचा, खालचं तोंड शिवायचं, वर दोन बंद लावायचे, झाली पिशवी. ती जमल्याशिवाय झबल्याला हात लावायचा नाही, मग तू तहसीलदाराची बायको का असेनास.

पासष्ट वर्षांच्या लक्ष्मीबाई आल्या त्या पिशवीसाठीच. आठवडी बाजारात त्यांची कॅरीबॅग फाटली आणि किलोभर साखर भर रस्त्यात सांडली. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसल्या. "मरायच्या आधी एक पिशवी माझ्या हातची पाहिजे बघ," म्हणाल्या. पिशवी झाली, पण एक बंद वीतभर लांब! "राहू द्या, तुमचा एक खांदा तसा पण खालीच आहे," चन्नम्मा म्हणाली, आणि म्हातारी तीच पिशवी घेऊन गावभर मिरवली.

पण चन्नम्माचा जीव होता तो अर्पितावर. रणधीर आणि दीपमालाची ही थोरली. अकरा वर्षांची असताना पँटीचा पाय घेऊन आली, चौदाव्या वर्षी स्वतःचा फ्रॉक स्वतः शिवला, आणि आता सतरावं लागलेलं. दहावी झाली होती. पुढचं कॉलेज एसटीनं जायच्या वाटेवर, म्हणून बापानं तिची शाळा बंद केली. पोरीच्या हातात कात्री दिली की बघत राहावं. कापड टेबलावर टाकायची, खडूनं दोन रेघा मारायची, आणि कात्री एकदा सुटली की टोकापर्यंत कुठं अडायची नाही. कानामागं पेन्सिल खोचून ठेवायची सवय, अगदी चन्नम्मासारखी. "माझ्या माघारी ही खोली तू बघायची," चन्नम्मा तिला म्हणायची, आणि पोरगी लाजून बॉबिन भरत बसायची.

फेब्रुवारीत भूमकडचं एक स्थळ आलं. रणधीर काही राक्षस नव्हता, उगीच त्याला तसं रंगवायला नको. घरात अजून दोन पोरी, भावकीचे टोमणे, आणि सोळा-सतराला पोरगी उजवायची चाल गावातून कुठं गेलीय? चन्नम्मा त्याच्या दारात जाऊन बसली. लई भांडली. शेवटी तो म्हणाला, "अक्का, पोरीच्या हाताला कायमचं काम असंल तर म्या दोन वर्षं थांबतो. लोकांना सांगायला तर हुईल की पोरगी कामाला जाती. नुसतं शिवण शिकायलीय म्हणून किती दिवस सांगू?"

"जूनपर्यंत थांब. काम मी आणते," चन्नम्मा म्हणाली. छातीठोक म्हणाली.

आणि काम आलं की! संस्थेचे सचिव कृष्णराज स्वतः वर्गात आले. ह्या वर्षी शाळेचा गणवेश बाहेरून आणायचा नाही, आपल्याच बायका शिवतील, म्हणाले. एकशे चाळीस लेकरं. काम पसंत पडलं तर दरवर्षी हेच, आणि कटिंगसाठी एक पोरगी पगारावर ठेवू. चन्नम्मानं अर्पिताकडं बघितलं. अर्पितानं कानामागची पेन्सिल काढून परत खोचली. त्या दिवशी वर्गात चहा झाला, आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या पिशवीतनं बत्तासे काढून वाटले.

एप्रिलमध्ये, सुट्टी लागायच्या आत, चन्नम्मानं मापं घेतली. एकेक लेकरू पुढं उभं करायची, "हात वर! श्वास सोड, पोट आत घेऊ नको, तुझं लग्न न्हाय ठरवायचं," म्हणायची, आणि वहीत लिहायची. मग लेकरं आजोळी पांगली आणि बायकांनी मशिनी धरल्या. मे महिन्याचं ऊन, पत्रा तापलेला, वीज दिवसातनं चार वेळा जायची, पण पायाच्या मशीनला विजेचं काय? अर्पिता सकाळी सातला येऊन कापायला लागायची. बाया शिवायच्या, लक्ष्मीबाई बटणं लावायच्या आणि लावताना प्रत्येक लेकराच्या नावानं काहीतरी पुटपुटायच्या. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी एकशे चाळीस जोड घड्या घालून टेबलावर. चन्नम्मा त्या ढिगावरनं हात फिरवत राहिली. इतकं सुख तिला महांतप्पाच्या संसारात पण मिळालं नव्हतं, असं ती मागनं म्हणाली.

कृष्णराज आले, सोबत गावातच राहिलेली पाच-सात लेकरं. दुसरीतल्या नंदीशला शर्ट घातला. बाही हाताच्या बोटांखाली लोंबली. गळा एका खांद्यावरनं घसरला. चड्डी पोरानं दोन्ही हातांनी धरून ठेवली. लेकरं फिदीफिदी हसायला लागली. दुसरा जोड, तिसरा जोड, मुलींचे फ्रॉक. सगळं तसंच. बाप्यांच्या अंगावरनं काढून लेकरांना घातल्यासारखं.

चन्नम्मानं वही उघडली आणि एकेक आकडा बोटानं तपासत गेली. मापं लिहितानाच तिनं दोन-दोन बोटं वाढवून लिहिली होती. तीस वर्षांचा हात तो, लेकरू समोर उभं राहिलं की आपोआप दोन बोटं धरतो. अर्पिताला ते सांगायचं तिला सुचलंच नाही. आणि अर्पितानं कापताना वहीतल्या मापावर अजून दोन बोटं धरली, कारण पहिल्या दिवसापासून तिला शिकवलंच तसं होतं. शिवणाऱ्या बायांना ते खुपलं नाही. कसं खुपेल? आमच्याकडं लेकराचा कपडा ढगळच असतो, अंगाला बसलेला कपडा लेकराच्या अंगावर बघितलाय कुणी? महिनाभर दहा बाया त्या कपड्यांभोवती वावरल्या आणि एकीलाही ते मोठे दिसले नाहीत.

"आठ दिवस द्या साहेब. आत घेते," चन्नम्मा म्हणाली.

"बाई, परवा शाळा उघडायलीय. पाहुणे येणार आहेत, फोटो निघणार." कृष्णराज ओरडले नाहीत, तेवढं खरं. "आणि हा गळा? गळा कसा लहान करणार तुम्ही?"

बरोबर होतं. बाही कापता येते, बाजू आत घेता येते. गळा एकदा मोठा कापला की तो काही परत लहान होत नाही, हे तिनंच शंभर पोरींना शिकवलेलं.

"कटिंग कुणी केलं?" कृष्णराजांनी विचारलं.

आता इथं चन्नम्मानं बोलायला पाहिजे होतं. वही हातात होती. 'मापं माझी, चूक माझी,' एवढे चार शब्द. पण तिच्या डोळ्यांपुढं दहा बाया उभ्या होत्या, दारात माणसं गोळा झाली होती, तीस वर्षांचं नाव होतं. एक श्वासभर ती गप्प राहिली, आणि तेवढ्यात अर्पिता पुढं झाली. "मी केलं सर."

त्यानंतर चन्नम्मा बोलली. लई बोलली, वही दाखवली, छाती बडवून घेतली. पण पहिलं वाक्य पोरीचं पडलं होतं, आणि गावात पहिलंच वाक्य फिरतं. संध्याकाळपर्यंत पारावर, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर एकच बोलणं: रणधीरच्या पोरीनं शाळेचं कापड नासवलं. गणवेश धाराशिवच्या बाजारातनं तयार आले. आठवड्यानं संस्थेनं मशिनी उचलल्या आणि खोलीत जुनी बाकडी रचली. ढगळ कपड्यांची गाठोडी चन्नम्माच्या घरी आणून टाकली. लक्ष्मीबाई दोन दिवस येऊन त्या बंद खोलीपुढं बसल्या, मग त्यांनीही सोडलं.

चन्नम्मा वही घेऊन रणधीरकडं गेली. "बघ, हे माझ्या हातचं आहे. पोरीची काही चूक न्हाय."

रणधीरनं वहीकडं बघितलं पण नाही. "अक्का, चूक कुणाची असू दे. काम गेलंच की न्हाय? तुमीच म्हणाला होता जून. जून सरायलाय." सुपारी फुटली होती. लग्न श्रावणाच्या आत उरकायचं, गर्दी करायची नाही, भूमकडच्या त्याच स्थळाशी.

परत येताना ती ग्रामपंचायतीच्या भिंतीपुढं थांबली. लहान वयात लग्न होत असेल तर फोन करा म्हणून तिथं मोठ्या अक्षरात नंबर रंगवलेला आहे. त्याच्याखाली पोरं मोटारसायकली लावतात. चन्नम्मानं फोन काढला, नंबर दाबला, सगळे आकडे दाबले. मग तिला दीपमालाचं तोंड दिसलं, रणधीरला जीपमध्ये घालून नेतायत असं दिसलं, आणि उद्या अर्पिताच विचारेल, अक्का, हे पण तुमीच केलं का, असं वाटलं. तिनं फोन पदराला पुसला आणि परत कमरेला खोचला. दुसऱ्यांदा गप्प बसली ती. स्वतःला शिव्या देत घरापर्यंत गेली, पण गेली घरीच.

आषाढातल्या एका सकाळी दीपमाला दारात उभी राहिली, मागं अर्पिता. दीपमालाच्या हातात हळदी रंगाचं रेशमी कापड होतं, लग्नातल्या ब्लाऊजचं. घरचं जुनं एक मशीन चन्नम्माकडं उरलं होतं, भिंतीला लावलेलं, त्याच्यावर ती गाठोडी.

"बाहेर कुठं शिवायला टाकायचं न्हाय म्हणते ही," दीपमाला म्हणाली. "तुमच्याच घरी आपल्या हातानं शिवायचं म्हणते. तुमी नुसतं माप घ्या." आणि मग, खाली बघत, सवयीनं, आपण काय बोलतोय हे न कळता म्हणाली, "अक्का, दोन बोटं जास्तच ठेवा. अंग अजून भरायचंय तिचं. वर्षभरात तंग हुईल."

चन्नम्मानं टेप गळ्यातनं काढली. अर्पिता पुढं आली आणि न सांगता दोन्ही हात वर करून उभी राहिली, दुसरीतलं लेकरू उभं राहतं तशी. हातांच्या काड्या. खांद्याची हाडं वर आलेली. छातीला टेप गुंडाळली तर तिचं टोक चन्नम्माच्या मनगटावरनं खाली लोंबायला लागलं. ह्या अंगाला लग्नाचा ब्लाऊज! चन्नम्माला टेपवरचे आकडे काही केल्या दिसेनात.

"अक्का," अर्पिता म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. शिकताना विचारायची तसंच विचारलं तिनं. "ह्यावेळी आधी ठरवू. दोन बोटं तुमी मापात धरणार का म्या कापताना धरू? दोघींनी धरली तर परत तसंच हुईल."

तिसऱ्यांदा चन्नम्मा गप्प बसली. पोरगी थोडा वेळ हात वर करून थांबली, मग तिनं हात खाली घेतले, कानामागची पेन्सिल काढली, अक्काच्या बोटांतली टेप सोडवून घेतली आणि आपलं माप आपणच वहीत लिहिलं.