टेंबलाईचा रुसवा

गेल्या नवरात्रातल्या पंचमीला मी आणि माझी बायको पारू, दोघांनी टेंबलाईच्या टेकडीवर बसून एकाच पुडीतलं भडंग खाल्लं. दोघांचं मिळून साधं सुख तेवढंच शेवटचं. चार दिवसांनी ती गेली.

गावाकडच्या मंडळींनो, चंदगडकडचं घर सोडून मी कोल्हापुरात पोराकडं आलो तो रुसून. दादाच्या पोरीच्या लग्नाची अक्षत गावभर फिरली, आमच्या दारात आली न्हाय. दादा म्हणाला, घरच्याला कसलं आवतण? मला ते सोसलं न्हाय. लग्नाला गेलो न्हाय, महिन्याभरात एसटीत बसलो. वैनी स्टँडवर काजूची पिशवी घेऊन आल्या. मी तोंड फिरवलं. पारूनं पिशवी घेतली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली.

इथं मला काय कमी पडलं न्हाय. सूनबाई वेळेवर गरम भाकरी देते, शेजारी चहाला हाक मारतात. खोटं कशाला बोलू, गावच्या पावसापरास इथं गुडघे सुखी हायत. पण पारू दर पंचमीला टेकडीवर न्यायची आणि तीच कथा सांगायची. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. जिंकल्याचा सोहळा केला आणि आपल्या बहिणीला, टेंबलाईलाच बोलवायला विसरली. ती रुसून शहराकडं पाठ करून इथं येऊन बसली. म्हणून अंबाबाई दरसाल पालखीतनं तिची समजूत काढायला येते, आणि राक्षस म्हणून कोहळा फोडतात.

"अवो, देवीचा रुसवा निघतोय," पारू म्हणायची, "तुमी कोण लागून गेलाय?"

मी म्हणायचो, मग येऊ दे की दादाला.

पारू गेली तवा दादा आला. सत्तरी ओलांडलेला माणूस, एसटीत उभ्यानं आला. खांदा दिला, माझ्याजवळ तासभर बसला. मी तोंडातनं शब्द काढला न्हाय. तसाच उठून गेला.

यंदा पंचमीला एकटाच वर गेलतो. पालखी आली, कोहळा फुटला, तुकड्यासाठी माणसं तुटून पडली. मी आपला बसून ऱ्हायलो. अंबाबाई दरसाल येणार, म्हणून टेंबलाईला पाठ करून बसणं परवडतंय. माझा दादा किती वर्सं येणार?

पारू, तू सांगायचं सोडलं न्हाईस, तुझं लई उपकार. वैनी, तुमचं बी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं गावाकडं गेलो. कुणाला कळवलं न्हवतं. दादा जेवायला बसलाता. सरळ आत जाऊन त्याच्या शेजारी मांडी घातली आणि म्हटलं, "वैनी, मला बी वाढा."