बाबांच्या खोलीचा रंग

आमच्या घराला रंग देऊन चार महिने झाले. अजूनही कोणी चहाला आलं की भिंतीकडे बघत विचारतं, "खरंच तुम्ही दोघांनीच दिला?" झालं! एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा येतो, आणि मला चहा दोनदा टाकावा लागतो.

तशी हौस कोणालाच नव्हती. पांढरकवड्यातला एक पेंटर येऊन, भिंतीवर टकटक करून, "सोमवारी लागतो कामाले" म्हणून गेला. कोणत्या सोमवारी, ते आम्ही विचारलं नाही! आणि इकडे फुलसावंगीहून माझे सासरे यायचे होते. सासूबाई गेल्यापासून बाबा गावी एकटेच असतात. आमच्याकडे येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बस स्टँडवर जायला तयार! राहा म्हटलं तर म्हणतात, "मले पाहुण्यासारखं वाटते वं माय." ते ऐकलं की यांचा चेहरा उतरतो. या वेळी यांनी ठरवलं, मागची खोली बाबांची, एकदम चकाचक करायची आणि काही झालं तरी बाबांना जाऊ द्यायचं नाही.

*

आमचे हे सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. शेडकार्ड बघून मी म्हटलं पिस्ता, हे म्हणाले क्रीम. दुसरा कोणी असता तर भांडला असता. यांनी वहीचा कागद फाडून चक्क टिप्पणी लिहिली! "विषय : मागील खोलीस क्रीम रंग देणेबाबत. मान्यतेस्तव सादर." खाली माझ्या सहीला जागासुद्धा सोडलेली.

मी काय सोळा वर्षं यांच्यासोबत उगाच काढली? समासात लिहिलं, "चर्चा करावी."

कागद तीन दिवस फ्रिजवर पडून राहिला. चर्चेला कोणालाच वेळ नव्हता ना! शेवटी सातवीतली आमची पोरगी वैतागली. तिनं लाल पेन घेऊन शेरा मारला, "पिस्ता. तातडीचे."

*

रंगाचे डबे ऑटोतून उतरवताना शेजारच्या काकूंनी पाहिलं. आमच्या गल्लीत दिवाळी नसताना घराला रंग लागला, की लोकांना त्याचं एकच कारण सुचतं. संध्याकाळी काकू हसत हसत आल्या.

"पोरीचं जमलं म्हणा! आम्हाले सांगतलं नाही काहून?"

"अहो काकू, ती सातवीत आहे!"

काकूंनी भिंतीवरून हात फिरवला. मग मलाच समजावून सांगू लागल्या, "मंग इतकी घाई कायले करून राह्यल्या? दहा-बारा वर्षं थांबल्या असत्या, तर एकाच रंगात भागलं असतं!"

*

यांना स्टुलावर चढलं की गरगरतं. त्यामुळे छत माझ्याकडे आलं, आणि स्टूल धरायचं काम यांच्याकडे. खालून सूचना मात्र अखंड चालू! "डावीकडे राह्यलं. तो कोपरा पाह्य. हात हलका ठेव." माझ्या केसांत पिस्ता, नाकावर पिस्ता, आणि यांच्या शर्टावर एक थेंब नाही.

तेवढ्यात यांच्या ऑफिसातले एक मित्र आले. दारातच थबकले. "काय राजेहो, वहिनीले वरते चढवून तुम्ही खाली?"

हे गंभीरपणे म्हणाले, "कोणाले तरी जबाबदारी घ्यावी लागते ना!"

*

पण दार यांनी एकट्यानं रंगवलं, ते मान्य करायला पाहिजे. ऑइल पेंट, तोही आतून. धूळ बसू नये म्हणून मग दार घट्ट लावून घेतलं आणि आतच खाटेवर आडवे झाले. दोन तासांनी उठून बघतात, तर दार चौकटीला चिकटलेलं!

माय वं! मी बाहेरून ढकलते, हे आतून ओढतात, दार काही हलेना. मी खिडकीच्या आडव्या गजांतून चहा दिला, तोही बशीत ओतून, कारण कप जाईना. नेमका तेव्हाच साहेबांचा फोन आला. हे एकदम सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हो सर, निघतच होतो. थोडी तांत्रिक अडचण आहे."

*

शेवटी बाबा आले. खोलीत गेले, भिंतींकडे बघितलं, दार दोनदा उघडून लावलं. "बरा आहे रंग," एवढंच बोलले. हे रात्रभर कूस बदलत होते.

सकाळी बाबांची आंघोळ झाली. धोतर, सदरा, डोक्यावर टोपी. झालं, निघाले! हे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मला इतकं वाईट वाटलं की गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी कळलं नाही.

आणि खोलीतून ठोकण्याचा आवाज आला. ठक! ठक! हे पेपर टाकून धावले, मी यांच्या मागं.

बाबा भिंतीपाशी उभे होते. हातात माझ्या खलबत्त्यातला बत्ता. पिस्ता भिंतीच्या ऐन मधोमध हा एवढा मोठा खिळा, बाजूचा रंग उडालेला, प्लास्टरचा भुगा फरशीवर. खिळ्याला बाबांचा दुसरा सदरा टांगलेला.

 मी विचारलं, "बाबा, खिळा कुठं भेटला तुम्हाला?"

"गावच्या खोलीतले उपसून आणले," बाबा म्हणाले. मग खिशातून आणखी एक काढला आणि यांच्याकडे बघितलं. "दोन होते. हा कुठं ठोकू, सांग."