वर्ग चालू असताना पंप बंद

परदेशात इंग्रजी शिकवायला माणूस घेताना तिथले लोक काय काय बघतात, हे मला आता तोंडपाठ आहे. पदवी बघतात, शिकवण्याचं प्रमाणपत्र बघतात, पोलिसांचा दाखला बघतात. हसरा चेहरा बघतात. लहान मुलांसमोर उड्या मारून गाणी म्हणता येतात का, तेही बघतात, आणि चाळिशीला टेकलेल्या मी तेही करून दाखवलं आहे. पण या सगळ्याच्या आधी बघतात तो पासपोर्ट. भुईगावच्या वाडीत जन्मलेल्या माणसाला जो मिळतो तोच माझ्याकडे होता.

वसईतल्या एका इंग्रजी शाळेत मी बरीच वर्षं शिकवत होते, पण कायमची कधीच झाले नाही. दर उन्हाळ्यात मुदत संपायची आणि जूनच्या तोंडावर ऑफिसात जाऊन उभं राहायचं. "बघू मॅडम," असं उत्तर मिळायचं. माझं इंग्रजी चांगलं आहे, हे मी उगाच लाजत सांगत बसणार नाही. ते चांगलंच आहे. एकदा तरी कुठेतरी सन्मानाने, शिक्षिका म्हणून वर्गात उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी व्हिएतनाम काय किंवा थायलंड काय, कुठेही जायची माझी तयारी होती.

बाबांना हा सगळा प्रकार मुलगी दाखवण्यासारखा वाटला. आमच्या घराला त्याची सवय होती. माझ्या लग्नासाठी काही वर्षं फोटो पाठवणं, उंची कळवणं आणि निरोपाची वाट बघणं चाललं होतं. ते सगळं वाया गेलं आणि त्यानंतर आईही गेली. त्यामुळे नोकरीसाठी फोटो मागितलाय म्हटल्यावर बाबांनी लगेच स्कूटर काढली.

"बरा शर्ट घाल," ते म्हणाले. "पयला फोटोच बघतात लोक."

पापडी गावच्या स्टुडिओवाल्याने विचारलं, "स्थळासाठी की नोकरीसाठी?"

"नोकरीसाठी. बाहेरदेशी," बाबांनी छाती फुगवून सांगितलं.

त्याने दोन्हीसाठी करायचं तेच केलं. फोटो हातात आला तेव्हा मी माझीच एखादी गोरीपान मावसबहीण दिसत होते. बाबा खूश झाले. मी कपाळाला हात लावला, पण पाठवला तोच फोटो.

मग नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीचे फोन सुरू झाले. बोलणारा मुलगा गोड होता आणि दर वेळी तेच बोलायचा. "मॅडम, प्रोफाइल एकदम मस्त आहे. बस, पासपोर्टचा इशू आहे. क्लायंटला नेटिव्ह स्पीकरच पाहिजे."

"मी बालवाडीपासून इंग्रजीत शिकले आहे," मी एकदा सांगून बघितलं.

"वो तो है मॅडम," तो म्हणाला, "पण पॅरेंट्सना तसं वाटायला पण पाहिजे ना."

अशा कितीतरी नकारांनंतर व्हिएतनामच्या एका शिकवणी संस्थेने मला प्रत्यक्ष मुलांसमोर शिकवून दाखवायला सांगितलं, अर्थात कॅमेऱ्यावरून. मी मागच्या खोलीत टेबल लावलं. त्या खोलीची खिडकी वाडीत उघडते आणि खिडकीपासून हाकेच्या अंतरावर विहिरीचा पंप आहे. तो सुरू झाला की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागतं. केळीला पाणी द्यायची तीच वेळ होती. तरी बाबांनी स्वतः जाऊन पंप बंद केला.

"तुझा आवाज त्यांना नीट ऐकू गेला पायजे," ते म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले.

त्या दिवशी मी जीव तोडून शिकवलं. वाडीतलं केळफूल आणलं होतं. त्याची एकेक पाकळी सोलत मी मुलांना रंग शिकवले. आत दडलेली इवलीशी केळी दिसली तेव्हा सगळी पोरं ओरडली. आपल्याकडेही हे झाड आहे, हे ती मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागली. मुलांना सांभाळायला ताई म्हणून बसलेल्या संस्थेच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. नंतर तिने एकच प्रश्न विचारला. फोटो अलीकडचा आहे का? मी हो म्हटलं.

बाहेर आले तर बाबा उभेच होते. "पसंत पडलं का गो?"

"कळवतो म्हणाले."

हे दोन शब्द आम्हा दोघांच्याही चांगल्या ओळखीचे होते. बाबा पंप चालू करायला गेले.

आठवडाभराने उत्तर आलं. मी उत्तम शिकवते, मुलं अजून माझी आठवण काढतात, पण पालकांची अपेक्षा वेगळी असते, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा मी घरूनच, कॅमेरा बंद ठेवून शिकवेन का? पडद्यावरच्या माझ्या चौकटीत ते शिक्षिकेचं एक चित्र लावतील आणि तिला एक नाव देतील. माझे उच्चार त्या चित्राला शोभतील अशी त्यांना खात्री होती.

मला भयंकर राग आला. मी उभ्या आयुष्यात कोणाला लिहिलं नसेल इतकं खरमरीत उत्तर लिहिलं आणि पाठवायचं तेवढं ठेवलं. जूनमध्ये शाळेने या वर्षी जागा नाही म्हणून सांगितलं. मग ते उत्तर पुसून टाकलं आणि "आनंदाने स्वीकारते" असं लिहिलं. कसला आनंद नि कसलं काय.

बाबांना मी अर्धंच सांगितलं. काम मिळालं, तिकडच्या मुलांना घरूनच शिकवायचं. त्यांनी केळीचा अख्खा घड उतरवून आळीत वाटला. "मुलगी परदेशातल्या पोरांना शिकवते," असं ते दिसेल त्याला सांगत सुटले. रोज संध्याकाळी वर्गाच्या आधी ते पंप बंद करायचे. केळीला पाणी मग उशिरा मिळायचं.

चित्रातली बाई पिवळ्या केसांची आहे. अंगात निळा स्वेटर आहे आणि मागे बर्फाने झाकलेलं कुंपण. हा वर्ग नव्या मुलांचा आहे आणि त्यांना ती फार आवडते. एकदा एका मुलीने मला विचारलं, "टीचर, तुमच्याकडे आता बर्फ पडतोय का?" खिडकीबाहेर केळीचं पान हलत नव्हतं आणि माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती. मी म्हटलं, हो, खूप पडतोय. त्यांच्या अंगणात आहे तेच केळीचं झाड माझ्याही खिडकीत होतं, पण ते आता सांगायचं नव्हतं.

मग एका संध्याकाळी बाबा वर्ग चालू असताना चहा घेऊन आत आले. याआधी ते कधी आले नव्हते. मुलं काहीतरी लिहीत होती म्हणून माझा माइक बंद होता. बाबांनी चष्मा सारखा केला आणि कौतुकाने एकेक पोर बघितलं. मग त्यांची नजर त्या चौकटीवर थांबली.

"ही कोण गो?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बघायला आलेली माणसं हातातल्या फोटोवरून नजर उचलून बघायची तसं.

"म्हणजे तू त्यांना दिसत नाय?"

"नाही."

"तू इथली, हे पण ठाऊक नाय त्यांना?"

मी नकारार्थी मान हलवली. चहा टेबलावर ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळी मी कान देऊन बसले. आज पंप चालू राहील, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर चालू राहावा, असंच वाटत होतं. त्या धडधडीने वर्ग मोडला असता तरी चाललं असतं. पण पंप बंद झाला. खिडकीतून बघितलं तर बाबांनी कोंबड्याही कोंडल्या होत्या आणि पायरीवर काठी घेऊन ते कावळे हाकत बसले होते.

"बाबा, एवढं कशाला? माझा आवाज जातो नीट," मी म्हटलं.

"तुझा जातो गो," ते वर न बघता म्हणाले. "पण इथला काय ऐकू जायला नको."

मी खिडकी लावून घेतली आणि वर्ग सुरू केला.