पानाची जाडी

परवा अकोल्यात एका लग्नात ओल्या फडक्यातली विड्याची पानं कोणीतरी उघडली, आणि त्या तिखट हिरव्या वासाबरोबर मी अंजनगावच्या अकरावीच्या वर्गात जाऊन बसले.

आमचा पानमळा होता. विज्ञान मी हौसेनं घेतलं, पण दहाचे उणे घात पाहिले की मी वही मिटून ठेवायचे. शेवटी शाखा बदलायचं ठरवून मी भौतिकशास्त्राच्या इंगळे मॅडमकडे गेले. त्या रोज अमरावतीहून एसटीनं यायच्या.

"काहून सोडून राहिली?"

"जे दिसत नाई, ते मोजताच येत नाई मले."

"उद्या मळ्यातली शंभर पानं आण."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही पानं एकावर एक रचून हलकेच दाबली. पट्टी लावली. दोन सेंटिमीटर! शंभरानं भागलं, मीटरमध्ये लिहिलं, तर समोर तोच उणे चौथा घात.

"एवढंच असते का, मॅडम?"

"एवढंच. इथून खाली अणू, वर तारे. घाबराचं नाई."

तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मॅडमनी एकदा खिडकीकडे पाहिलं, मग आपल्या वेणीतला एक केस काढून पेन्सिलीवर गुंडाळायला घेतला. "आता याची जाडी काढू."

मी विज्ञान सोडलं नाही. आता मीही अकोल्याहून हिवरखेडला शिकवायला जाते. संध्याकाळची गाडी चुकली की घरी पोचायला किती उशीर होतो, ते मला ठाऊक आहे. ती मॅडमची गाडी होती. मला तेव्हा फक्त तो केस दिसत होता.