आत्याचा निळा गेंडा

पुण्यात जेवढा म्हणून उत्साह शिल्लक आहे, तो सगळा माझी बिबवेवाडीची आत्या एकटीच वापरते, असं माझं ठाम मत आहे. सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून तिने आयुष्य काढलं. तिच्या चपलांच्या आवाजानेच म्हणे पेशंटचा ताप उतरायचा. निवृत्त झाल्यावर माणसं विपश्यना धरतात, बागकाम धरतात. आत्याने टॅब्लेट धरला, आणि तोही मोठ्या माणसांचा नव्हे. लहान मुलांच्या एका टीव्ही चॅनेलने कधीकाळी काढलेला, जाड नारिंगी रबराच्या कडांचा, हातून पडला तर चेंडूसारखा उडणारा. त्यात चॅनेलवरचा एक निळा गेंडा राहायचा. तो अक्षरं शिकवायचा, कोडी घालायचा आणि उत्तर बरोबर आलं की गरागरा फिरून नाचायचा.

खरं तर मी तो माझ्या मुलीसाठी घेतला होता. आत्या "बघू जरा" म्हणून घेऊन गेली आणि तिचं बघणं काही संपलं नाही. मुलगी कॉलेजात गेली, ते चॅनेल बंद पडलं, टॅब्लेट निघायचा थांबला, पण आत्याकडे गेंडा नाचतच होता. कोडं सुटलं की तिचा फोन यायचा, मग मी खराडीच्या ऑफिसात साहेबासमोर बसलेलो का असेना. "जयभीम. ऐक, हरीण तळ्यापर्यंत नेलं. डावीकडून वाट होती, लपवलेली." मी "अरे वा" म्हणायचो. त्यावर ती म्हणायची, "तुझ्या 'अरे वा'त दम नाही. हा बघ कसा नाचतोय." एकदा सोसायटीच्या सभेत पाण्यावरून भांडण पेटलं होतं आणि चेअरमन अगदी रंगात आले होते, तेवढ्यात आत्याच्या पिशवीतून गेंडा बोलला, "पुन्हा विचार कर, बाळा." चेअरमन खाली बसले. सभा इतक्या लवकर कधीच संपली नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर टॅब्लेटचं चार्जिंग बंद पडलं. आत्या मला घेऊन शहरभर फिरली. एका दुकानदाराने टॅब्लेट उलटासुलटा केला आणि म्हणाला, "आजी, हे खेळणं आहे. आम्ही खेळणी दुरुस्त करत नाही." आत्या म्हणाली, "येत नाही म्हणा. त्यात लाजायचं काय?" शेवटी मी इंटरनेटवर फोटोसकट जाहिरात टाकली, की असाच टॅब्लेट विकत हवा आहे. दुसऱ्याच दिवशी हडपसरहून एका गृहस्थांचा फोन आला, "माझ्याकडं सेम हाय. या लगेच." आत्या रिक्षात पुढे सरकून बसली होती, जणू तिच्या तशा बसण्याने रिक्षा जोरात पळणार होती.

गृहस्थांनी दार उघडलं आणि थेट तिच्या पिशवीकडे बघितलं. "आणला का?"

"आणायचा काय? तुमचा घ्यायला आलोय."

"माझा? अहो ताई, तुम्ही विकताय ना?"

त्यांनी जाहिरातीतला फोटो बघितला होता, मजकूर वाचलाच नव्हता. मला हसू आलं, पण तेवढ्यात आत खाटेवर बसलेल्या त्यांच्या पत्नी दिसल्या. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. डॉक्टरांनी अक्षरांपासून सुरुवात करा म्हणून सांगितलं होतं. "मोबाईलवरचं लई भराभरा बोलतंय," ते गृहस्थ म्हणाले. "नातवाच्या जुन्या टॅबमधला हा गेंडा सावकाश बोलतो. त्याच्याकडं बघून ही ओठ हलवायची. पडला, काच फुटली, बंदच झाला. तवापासून ही भिंतीकडं बघत बसती."

आत्याने त्या बाईंचं मनगट हातात घेतलं, नाडी बघितली. मग पिशवीतून आपला बंद पडलेला टॅब्लेट काढला आणि एकदम उठली. "खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान दिसलं मला. तुमचा घ्या, चला."

दुकानदाराने दोन्ही टॅब्लेट उघडले. आत्याच्या टॅब्लेटची काच गृहस्थांच्या टॅब्लेटला बसवली, त्याचं चार्जिंग शाबूत होतं. आत्या काउंटरवर ओणवून अशी उभी होती, जणू आत ऑपरेशन चाललंय आणि डॉक्टर नवशिका आहे. दोनांचा एक झाला, बटण दाबलं, पडदा उजळला आणि गेंडा गरागरा फिरला. आत्याने शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारली. मग टॅब्लेट उचलून धडाधडा जिने चढली आणि त्या बाईंच्या मांडीवर ठेवून दिला.

"ताई, मग तुम्हाला काय राहिलं?" गृहस्थांनी विचारलं.

"माझी सगळी कोडी सोडवून झालीत."

हे खोटं होतं. शेवटचं कोडं तिला कधीच सुटलं नव्हतं. परतताना ती बिबवेवाडीपर्यंत रिकाम्या पिशवीची घडी घालत आणि उलगडत राहिली.

आता ती दर आठवड्याला बसने हडपसरला जाते आणि त्या बाईंना मेट्रनच्या शिस्तीत मुळाक्षरं म्हणायला लावते. परवा तिचा फोन आला. मी नेहमीसारखा "अरे वा" तयार ठेवला होता, पण आवाज हळू होता.

"आज मी निघायला उठले, तर तिने पदर धरला. 'चहा' म्हणाली. स्पष्ट. 'च'ला गेंडा चमचा शिकवतो रे. चहा तिला कोणीच शिकवला नव्हता."



"मग घेतलास चहा?" मी विचारलं.

"घेतला," आत्या म्हणाली. "बस चुकली माझी."