तोंड धुवायला लावणारा माणूस

माणसं भेटली की रामराम करतात. हा हनुवटी धरायचा. आपली हनुवटी, त्याची दोन बोटं, आणि आपलं तोंड सूर्याकडे. "उजेडात ये, बघया." मग आपण बाजारातल्या म्हशीसारखे गुपचूप उभे. तुम्हालाही असं कोणी भेटलं असेल, की जो लांबून दिसला तरी आपण वाट बदलतो. मी तर कितीदा बदलली.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. पाळी गावच्या एका लोहखनिजाच्या खाणीवर मी टायमकीपर होतो, तो ट्रक चालवायचा. सावंतवाडीकडचा, पन्नाशीचा, आम्ही त्याला काका म्हणायचो. खाणीवर केस, भुवया, बनियन सगळं एकजात तांबडं. हा एकटा संध्याकाळी झरीवर जाऊन माणसाच्या रंगाचा होऊन यायचा.

त्याच्या पिशवीत चण्याचं पीठ, खोबरेल तेलाची बाटली, तुरटीचा खडा आणि जुना मऊ पंचा. आधी नुसत्या पाण्यानं धूळ सोडवायची, मग पीठ. पण घासायचं नाही. अंग ओलं असतानाच तेलाचे चार थेंब. दाढी अंघोळीनंतर, केस वळतात त्या बाजूनं, वर तुरटी. उन्हात मानेवर फडकं. आम्ही कपड्यांच्या साबणानं तोंड खरवडायचो, ते त्याला बघवायचं नाही.

"तोंडाक कपड्यांचो साबण? तुझा तोंड काय चड्डी आसा?"

"काका, दशावतारात राणी करूक जातास काय?"

"राणयेचा तोंड तुझ्यासारखा असता, तर राजा आपणच वनवासाक गेलो असतो."

कॅन्टीनमध्ये मराठी की कोकणी यावरून टेबलं आपटली जायची. हा मध्येच म्हणायचा, "भास खंयची पण असांदे, आदी तोंडां धुवा," आणि चहा अर्धा टाकून उठायचा. बसणं त्याला जमायचंच नाही. पाय हलत, नजर आमच्या माना-हातांवर फिरत राहायची. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो.

एका संध्याकाळी त्यानं मला झरीवर नेलंच. धूळ गेली आणि उजव्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग दिसला. मी म्हटलं, उन्हानं झालं असेल. तो हसला नाही. "डोळे मिट." मी मिटले. थोड्या वेळानं विचारलं, "काय करतास?" उघडून बघतो तर तो गवताची काडी डागावरून फिरवत होता. मला काहीच जाणवलं नव्हतं.

"उद्या डिचोलीच्या दवाखान्यात," तो म्हणाला.

माझं लग्न ठरलं होतं. पेडण्याची मुलगी, वैशाखातला मुहूर्त. डाग म्हणजे काय, हे मला न सांगता समजलं होतं. मी गेलो नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तो हात धुवायचा सोडला. चेहरा धुवायचा, डावा हात धुवायचा, उजव्यावर तांबडी धूळ तशीच. खाणीवर कोण विचारतो? तिथं सगळेच मळलेले. घरी लांब बाह्यांचा शर्ट.

आठ दिवस तो माझ्या मागं मागं. शेवटी ट्रकाआड गाठलं.

"माझ्या भावान बाहयेत लपयल्यान, तू धुळीत लपयतंस. त्येच्या शर्टाची बटणां आता मी लावतंय. बोटांच रवली नाय."

मग मी गेलो, काकाला सोबत घेऊन.

डिचोलीला बुधवारी त्या खोलीसमोरची रांग महारोगाची, हे तालुक्याला ठाऊक होतं. मी खाली मान घालून केसपेपर धरून उभा. तेवढ्यात आमच्या खाणीवरचा फिटर समोरून आला. डोळ्यात कचरा गेलेला. मी भिंतीकडे वळलो. काकानं माझ्या हातातला कागद काढून घेतला.

"माका दाखवूचा आसा," तो फिटरला म्हणाला. "ह्याका सोबतीक हाडलंय."

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गोळ्या नेमानं घेतल्या तर काही राहणार नाही. तसंच झालं. हात शाबूत आहे, या हातानंच हे लिहितोय, आणि लिहिता लिहिता दोनदा उठून तो उजेडात धरून बघितला आहे.

पण खाणीवर दोन दिवसांत बातमी पसरली. काकाच्या शेजारी कोणी जेवायला बसेना. ज्यांना त्यानं तोंड धुवायला शिकवलं, तेच त्याला झरीवर येऊ देईनात. कॅन्टीनवाल्यानं त्याच्यासाठी वेगळा ग्लास काढला, बाहेरच्या खिडकीत पालथा घालून ठेवला. तो स्वतः उचलायचा, उभ्यानं चहा प्यायचा, स्वतः विसळायचा. मी आत, सगळ्यांच्या ग्लासातला चहा पीत बसलेला. एकदा बोलायला उठलो, तर त्यानं लांबूनच मान हलवली. "लगीन होवंदे आदी."

मी खाली बसलो. फार पटकन बसलो.

लग्न झालं. पावसाळ्यासाठी खाण बंद झाली तसा तो गावी गेला. लग्नाला आलाही नव्हता. पाऊस सरल्यावर खाण सुरू झाली, तेव्हा त्याच्या ट्रकावर दुसराच ड्रायव्हर होता. काका यंदा येत नाही, याहून जास्त त्या ड्रायव्हरला माहीत नव्हतं.

मी कॅन्टीनच्या खिडकीतला ग्लास उचलला, आत गेलो आणि म्हटलं, यात चहा दे.

"तो नाका रे," कॅन्टीनवाला घाबरून म्हणाला. "तो त्येचो."

"त्येचो न्हय, माझो," मी म्हटलं. बाही वर केली आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. फिटर होता, ड्रायव्हर होते, सगळे ऐकत होते. ज्यानं ऐकायला हवं होतं तो तेवढा नव्हता.